साहेब न सांगता आले तर

तपासणीची तारीख कळली की संस्थेत जी धावपळ सुरू होते ती बालगृहात, आश्रमशाळेत आणि वृद्धाश्रमात सारखीच असते. कपाटात जपून ठेवलेल्या चादरी पलंगांवर येतात. न्हाणीघरातून फिनेलचा वास दरवळायला लागतो. हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटी एका बैठकीत भरून निघतात. फळ्यावर आठवड्याचा आहार ठळक अक्षरांत लिहिला जातो आणि त्या दिवसापुरता तो खरोखर शिजतोही. साहेब येतात, कार्यालयात बसून रजिस्टरं चाळतात, मग इमारतीत एक फेरी मारतात. दोन आजींना ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारलं जातं. शेजारी व्यवस्थापक उभाच असतो. आजी त्याच्याकडे बघत ‘बरं आहे’ म्हणतात. भेटवहीत ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि सगळे पोहे खायला मोकळे होतात.

अमेरिकेने या प्रकारावर १९८७ साली कायद्यानेच घाव घातला. सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमची तपासणी पूर्वसूचना न देता व्हायला हवी आणि दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असं त्या कायद्याने ठरवलं. दहावीचा पेपर फोडावा तशी तपासणीची तारीख फोडणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंडही ठेवला. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता म्हणायचा. त्यामुळे अमेरिकेतली सगळी नर्सिंग होम सुधारली असं मुळीच नाही. पण तारीख फोडली तर दंड होतो, एवढं तरी तिथे कागदावर आलं.

सांगून केलेली पाहणी आणि खरी पाहणी यांतला फरक आपल्या देशाला लख्ख दिसला तो २०१८ साली, बिहारमध्ये. तो दाखवून दिला मुंबईच्या मंडळींनी. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ‘कोशिश’ नावाचा प्रकल्प २००६ पासून चालत होता. बेघर आणि भिक्षेकरी कायद्याखाली पकडली जाणारी माणसं हे त्याचं मूळ कार्यक्षेत्र. चार भिंतींआड ठेवलेली माणसं काय बोलतात, काय बोलत नाहीत आणि कधी बोलायला लागतात, याचा अनुभव या चमूच्या गाठीशी होता. बिहारच्या समाजकल्याण खात्याने राज्यातल्या निवासी संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला २०१७ साली त्यांनाच बोलावलं. मोहम्मद तारिक यांच्या नेतृत्वाखाली चमू जिल्ह्याजिल्ह्यांत फिरला आणि ११० संस्था पाहून आला. त्यांत मुलामुलींची गृहं होती, अल्पमुदतीची निवासगृहं होती, दत्तकविधान संस्थाही होत्या.

या चमूने रजिस्टरं पाहिली, पण तो तिथेच थांबला नाही. मुलांशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलायचं, गप्पा घाईने आवरायच्या नाहीत, आधी ओळख होऊ द्यायची आणि अवघड प्रश्नावर मग यायचं, अशी त्यांची रीत होती. अहवालात सतरा संस्थांबाबत गंभीर चिंता नोंदवली गेली. त्यांतली एक मुझफ्फरपूरचं बालिकागृह. ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदवला गेला. वैद्यकीय तपासणीत ३४ मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं. प्रकरण इतकं तापलं की ऑगस्टमध्ये राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवला आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. संस्थेचा सर्वेसर्वा ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. दोषींच्या यादीत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा तत्कालीन अध्यक्ष होता आणि बालसंरक्षण अधिकारीही होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

गंमत म्हणायची तर अशी, की कायदा तेव्हाही उत्तमच होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ५४ व्या कलमात सगळं लिहिलेलं आहे. तपासणी समितीत किमान तीन जण हवेत, त्यांत एक तरी स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, दर तीन महिन्यांनी भेट व्हायला हवी आणि आठवड्याच्या आत अहवाल जायला हवा. मुझफ्फरपूरचं गृह काही रानात दडलेलं नव्हतं. ते शहरात होतं, सरकारी अनुदानावर चालत होतं आणि सरकारी माणसांची तिथे ये-जा होती. कमी होतं ते एवढंच: मुलीशी एकटीशी बोलणारं आणि तिचं ऐकून गप्प न बसणारं कोणी तिथे आलं नव्हतं.

हे बिहारचं, असं म्हणून महाराष्ट्राला हात झटकता येणार नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं कुपोषणाने दगावल्याची बातमी २०१० साली वर्तमानपत्रात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. टाटा संस्थेच्याच प्राध्यापिका आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली गेली. ती राज्यातल्या अशा संस्थांत फिरायला लागल्यावर २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका संस्थेतले मतिमंद मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थेच्या चालकासह इतरांना दोषी ठरवलं. बातमी छापून येईपर्यंत आणि न्यायालयाने डोळे वटारेपर्यंत त्या संस्थांची रजिस्टरं कोणाच्या तरी टेबलावर जात असणारच.

अशी प्रकरणं गाजतात म्हणून लक्षात राहतात. पण निवासी संस्थांमधली बहुतेक इजा काही क्रौर्यातून होत नाही. ती आळसातून, अज्ञानातून, माणसं कमी असल्यातून होते आणि तिचा आवाज होत नाही. आजोबा रात्री संडासला जाताना ओल्या फरशीवर घसरतात. रक्तदाबाची गोळी एकाऐवजी दोनदा दिली जाते. माकडहाडाशी आधी लाल डाग पडतो, मग कातडी सोलते, मग खोल जखम होते. या गोष्टी पाहायला वेगळी नजर लागते आणि ती शिकवावी लागते.

पाण्याचंच घ्या. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिकेत केअर होमसाठी एक आकडा आहे: ४४ अंश सेल्सिअस. अंघोळीच्या नळाला येणारं पाणी याहून गरम असता कामा नये. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ झालेली असते, मधुमेह असेल तर पायाला चटका कळत नाही आणि स्मृतिभ्रंश असेल तर कळूनही पाय काढून घ्यायचं सुचत नाही. मग टाकीतलं पाणीच कोमट ठेवलं तर काय बिघडलं? तर त्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि फुप्फुसात गेला की न्यूमोनिया करतो. म्हणून टाकीत पाणी साठच्या वर ठेवायचं आणि नळाच्या तोंडाशी थंड-गरम मिसळणारी झडप बसवून ते चव्वेचाळीसपर्यंत उतरवायचं. तिथला तपासनीस न्हाणीघरात जाऊन नळाखाली थर्मामीटर धरतो आणि आदल्या आठवड्यांच्या नोंदी मागतो. आपल्याकडे सौर बंबाचं पाणी मे महिन्याच्या दुपारी हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि डिसेंबरच्या पहाटे गारठलेलं असतं. बादलीत विसण घालणाऱ्या मावशींच्या कोपरावर सगळी भिस्त. कोपर वाईट नाही. घाई नसेल तेव्हा चांगलं काम करतं. पण एका मावशींकडे सकाळी नऊच्या आत पंधरा अंघोळी असतील तर?

माकडहाडाशी पडणारी ती जखम, म्हणजे बेडसोर, टाळायला अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं असतं, सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी. त्याचा तक्ता पलंगाला लटकवलेला असतो. तपासनीस सकाळी अकराला पोचला आणि दुपारी एकची सही तक्त्यावर आधीच झालेली दिसली, तर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. औषधांचंही तसंच. तक्त्यातल्या सह्या मोजायच्या आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजायच्या. दोन्ही आकडे जुळायला हवेत. खोटं रजिस्टर लिहिणाऱ्याला सहसा गोळ्या फेकून द्यायचं सुचत नाही.

आगीच्या बाबतीत मात्र अशी सावकाश मोजदाद करायला वेळच मिळत नाही. स्कॉटलंडमधल्या उडिंग्स्टन गावाच्या रोजपार्क केअर होममध्ये ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास एका कपाटात आग लागली. कपाटात विजेचा वितरण फलक होता आणि तिथेच फवाऱ्याचे डबे ठेवलेले होते. घंटा वाजली. रात्रपाळीची माणसं आधी आग कुठे आहे ते शोधायला गेली आणि अग्निशमन दलाला फोन जायला नऊ मिनिटं गेली. मोठ्या आगीत इमारत कोसळली वगैरे काही झालं नाही. धूर मार्गिकेत भरला आणि ज्या खोल्यांची दारं उघडी होती तिथे शिरला. चौदा वृद्धांचे जीव गेले. चौकशीचा निष्कर्ष यायला २०११ उजाडलं. धोक्याचा नीट आणि पुरेसा विचार आधी झाला असता, तर यातले काही किंवा सगळेच मृत्यू टळू शकले असते, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे तपासणाऱ्याने लाल रंगाचा सिलिंडर भिंतीवर आहे की नाही एवढं बघून चालत नाही. कपाट उघडून बघावं लागतं. दिवसाच्या व्यवस्थापकाला न विचारता रात्रपाळीच्या मावशीला विचारावं लागतं, ‘घंटा वाजली तर पहिलं काय करशील?’ ती थांबून विचार करायला लागली, तर ते उत्तरच असतं.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याखाली इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन सादर करायचं असतं. रुग्णालयं आणि मॉल यांना ते निदान ऐकून माहीत असतं. पण उपनगरात भाड्याने घेतलेल्या दुमजली बंगल्यावर ‘वृद्धसेवा केंद्र’ अशी पाटी लागते तेव्हा तिथे काय दिसतं? खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेले गज, जिन्याला रात्री ओढून लावलेलं सरकतं लोखंडी दार, त्याला कुलूप आणि किल्ली राखणदाराच्या खिशात. आजोबा रात्री उठून बाहेर जातात, हरवतात, म्हणून कुलूप, असं सांगितलं जातं. ते खोटं नसतं. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस खरोखरच निघून जातं. इंग्लंडमध्ये अशा माणसाला दाराआड ठेवायचं तर २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली रीतसर परवानगी काढावी लागते; तीत कारण आणि मुदत लिहिलेली असते. आपल्याकडे कुलूप हा व्यवस्थापकाचा घरगुती निर्णय असतो.

तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली तेव्हा आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणं स्पष्टपणे निषिद्ध ठरवलं. निदान कागदावर साखळी गेली. सरकतं दार आणि कुलूप यांच्याबद्दल कोण विचारणार?

आता दर्जा. पाणी किती गरम ते मोजता येतं. माणसाला माणसासारखं वागवतात की नाही ते कसं मोजायचं? इंग्लंडने या प्रश्नावर बराच पैसा आणि बरंच डोकं खर्च केलेलं आहे. एकदा सपाटून तोंडावर आपटल्यानंतर, हेही सांगायला हवं.

तिथे एप्रिल २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था रुग्णालयं आणि केअर होम तपासते. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं चोवीस खाटांचं खासगी रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं तिथे राहत आणि आठवड्याला एका माणसामागे सरासरी साडेतीन हजार पौंड मोजले जात. तिथल्या टेरी ब्रायन नावाच्या ज्येष्ठ परिचारकाने छळाची तक्रार व्यवस्थापनाकडे केली आणि कमिशनकडेही केली. काही झालं नाही. शेवटी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने आपला वार्ताहर कर्मचारी म्हणून आत पाठवला. पाच आठवडे त्याने छुपा कॅमेरा लावून काम केलं. ३१ मे २०११ रोजी देशाने ते चित्रण पाहिलं: माणसांना जमिनीवर दाबून धरलेलं, थपडा, थंड पाण्याचे मारे. रुग्णालय महिन्याभरात बंद झालं. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, त्यांतले सहा तुरुंगात गेले. आणि लोकांनी कमिशनला विचारलं, तुम्हाला तर आधीच सांगितलं होतं ना?

त्यानंतर पद्धत पालटली. २०१४ पासून प्रत्येक केअर होमला पाच प्रश्न लावले जाऊ लागले. इथे माणूस सुरक्षित आहे का? सेवेचा उपयोग होतो का? वागणुकीत माया आहे का? माणसागणिक गरज ओळखली जाते का? आणि कारभार नीट चालतो का? उत्तरांवरून चार श्रेणी: अत्युत्तम, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं. २०१५ पासून ही श्रेणी दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं. ‘अपुरं’ अशी पाटी स्वतःच्या दारावर टांगून नवे रहिवासी मिळवणं किती कठीण जात असेल! दंडापेक्षा हीच पाटी जास्त बोचते. त्या वेळच्या मुख्य निरीक्षक अँड्रिया सटक्लिफ यांनी आपल्या माणसांना एक साधी कसोटी दिली होती: आपल्या आईला इथे ठेवायला मन धजेल का?

यातली सर्वांत लक्षवेधी गोष्ट म्हणजे न बोलणाऱ्या माणसाचं ऐकण्याची तऱ्हा. स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्या आजींना ‘जेवण आवडतं का’ असं विचारून काय उपयोग? त्यासाठी ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या मदतीने एक निरीक्षणपद्धत बनवली गेली. तपासनीस बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसतो. समोरच्या मोजक्या माणसांवर नजर ठेवतो आणि दर पाच मिनिटांच्या टप्प्याला तीन गोष्टी टिपतो: चेहऱ्यावरचा भाव काय, माणूस कशात गुंतलंय की नुसतंच शून्यात बघतंय आणि या वेळात कोणी कर्मचारी त्याच्याशी कसा वागला. मावशी आली, गुडघ्यावर वाकून डोळ्यांत बघत बोलली, हसली, हे चांगलं. मागून येऊन न बोलता गळ्याला लाळेरं बांधलं आणि चमचा तोंडाशी नेला, हे वाईट. आणि मारहाण नाही, ओरडणं नाही, पण अर्धा तास त्या खुर्चीकडे कोणी फिरकलंच नाही, याचीही नोंद होते. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत हा अर्धा तास कधीकधी अख्खी दुपार असतो. कोपऱ्यात टीव्हीवर मालिका चालू असते आणि तिच्याकडे कोणीच बघत नसतं. रजिस्टरात या दुपारीचं नाव ‘मनोरंजन’ असतं.

एवढी घडी बसवलेली ही यंत्रणाही नंतर घसरलीच. ब्रिटिश सरकारने डॉ. पेनी डॅश यांना कमिशनचीच तपासणी करायला सांगितलं. जुलै २०२४ च्या त्यांच्या अंतरिम अहवालात धक्कादायक गोष्टी निघाल्या. तपासण्यांची संख्या कोविडपूर्व काळाच्या निम्म्याहून खाली आलेली. दर पाच ठिकाणांपैकी एकाला कधीच श्रेणी मिळालेली नाही. काही ठिकाणच्या श्रेण्या दहा-दहा वर्षं जुन्या. केअर होम तपासायला जाणारे, पण स्मृतिभ्रंश झालेलं माणूस आयुष्यात कधी न भेटलेले तपासनीसही त्यांना सापडले. संस्था कामाला नालायक झाली आहे, असं आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी जाहीरपणे म्हटलं. पाच प्रश्न तेच होते, पाट्याही त्याच होत्या. जाणारी जाणती माणसं कमी झाली आणि दारावरची ‘चांगलं’ ही पाटी सहा वर्षांपूर्वीच्या वेगळ्याच व्यवस्थापकाच्या पुण्याईवर लटकत राहिली.

इंग्लंडची यंत्रणा घसरली म्हणायला तिथे ती होती तरी. भारतात मुलांसाठी बाल न्याय कायदा आहे, मनोरुग्णांसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. वृद्धांच्या वाट्याला आला तो २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा. त्याचा भर मुलांकडून पोटगी मिळवून देण्यावर. १९ व्या कलमात राज्यांनी वृद्धाश्रम काढावेत, सुरुवात म्हणून जिल्ह्यामागे दीडशे निराधारांची सोय होईल असा निदान एक तरी काढावा, असं म्हटलं. पण तेही ‘काढू शकतील’ अशा सैल शब्दांत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात सरकारला प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितलं. देशात किती वृद्धाश्रम आहेत, हे न्यायालयाला विचारावं लागतं, यातच आलं सगळं.

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने सुधारणा विधेयक लोकसभेत मांडलं. त्यात नेमकी हवी ती गोष्ट होती: ज्येष्ठांच्या निवासी सेवा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थाही त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने २०२१ साली अहवाल दिला आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही बाद झालं. साडेचार वर्षं ते पडून होतं. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर होती. मतपेढी म्हणून हा आकडा लहान नाही. तरी कोणाला घाई वाटली नाही.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा नाही असं नाही. पुण्याच्या नवी पेठेतल्या ‘निवारा’ची पाळंमुळं डेव्हिड ससून यांच्या देणगीपर्यंत, एकोणिसाव्या शतकात जातात. १९९५ साली राज्याने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. अनुदानित संस्थांवर समाजकल्याण खात्याची काही ना काही देखरेख असते, न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ताळेबंद तपासला जातो, बेडसोर तपासले जात नाहीत. २०२४ साली महारेरा या राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना रॅम्प, रुंद दारं, न घसरणारी फरशी, पकडायला दांडे असे नियम घालून दिले, हे चांगलंच झालं. फ्लॅट विकत घेऊ शकणाऱ्या ज्येष्ठाच्या दाराची रुंदी ठरली. त्या दारातून रात्री दोनला हाक मारल्यावर कोण येणार, हा प्रश्न बिल्डरच्या कक्षेबाहेरचा.

आणि जो कोणी येणार त्याच्याकडेही बघायला हवं. वृद्धाश्रमाचा सगळा भार ज्यांच्यावर असतो त्या मावशी आणि मामा यांच्यातले बरेचसे ब्यूरोमार्फत, बारा तासांच्या पाळीवर आलेले असतात. अंगावर घेऊन माणूस उचलायची रीत त्यांना कोणी शिकवलेली नसते. शिकतात ती पाठीचा मणका सरकल्यावर. लंगोट बदलायचा, भरवायचं, शिव्या खायच्या आणि पुन्हा हसतमुख राहायचं, हे ज्या पगारात अपेक्षित असतं त्या पगारात शहरात खोलीही मिळत नाही. तपासनिसाने पगारपत्रक मागावं, सहा महिन्यांत किती जण सोडून गेले ते विचारावं आणि रात्री एका माणसाकडे किती रहिवासी असतात ते मोजावं. या तीन उत्तरांवरून संस्थेच्या दर्जाचा जेवढा अंदाज येतो तेवढा भिंतीवरच्या मानपत्रांवरून येत नाही.

चांगल्या संस्थांना तपासणीची भीती नसते, उलट ती हवी असते. ‘कोशिश’च्या चमूने बिहारमध्ये चांगलं काम करणाऱ्या संस्थांचीही नोंद केली होती, ती गदारोळात कोणी वाचली नाही. किमान दर्जा ठरलेला नसला की नीट चालवणारा आणि बंगला भाड्याने घेऊन बारा खाटा टाकणारा, दोघांची पाटी सारखीच दिसते. दुसऱ्याचा दर मात्र कमी असतो. मग मुलगा-सून हिशेब करतात आणि नीट चालवणाऱ्याची खाट रिकामी राहते.

किमान दर्जा कायद्याने ठरेपर्यंत तपासनीस कोण? जे दारातून आत जातात ते. आपल्याकडे वृद्धाश्रमात जाणाऱ्यांची वाण नाही. वाढदिवस, पुण्यतिथी, अन्नदान, फळवाटप, शाळेची सहल, क्लबाचा कार्यक्रम. सगळे फोन करून, वेळ ठरवून जातात, फोटो काढतात, ‘आजी-आजोबांना भेटून डोळे पाणावले’ म्हणतात आणि निघतात. पाणावलेल्या डोळ्यांना न्हाणीघर दिसत नाही. दिवाळीत फराळाचे डबे घेऊन जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण नंतर एखाद्या आडवारी, न कळवता, संध्याकाळी सातच्या सुमाराला पुन्हा जावं. जेवणाची वेळ असते. भात गरम आहे का, कवळी नसलेल्याला भाकरी कुस्करून मिळते का, अंथरुणावरच्याला कोण भरवतंय आणि किती घाईने, हे दहा मिनिटांत दिसतं. संडासात जाऊन भिंतीचा दांडा ओढून पाहावा. आपल्या माणसाची पाठ आणि टाचा स्वतः बघाव्यात, लाज बाळगू नये. हाक मारायची घंटा दाबून घड्याळ लावावं. आणि व्यवस्थापकाला सांगून आईला अंगणात न्यावं, मगच विचारावं. ती ‘बरं आहे’ म्हणाली तरी पुन्हा एकदा विचारावं.

काही खटकलं तर तक्रारीला जागा आहेत: पोलीस ठाणं, जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय आणि २०२१ पासून देशभर चालू असलेली ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’. तिचा क्रमांक १४५६७. फोनला पैसे पडत नाहीत आणि सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात तो उचलला जातो.